आणि दुसऱ्या वाटेनं?

ज्या माणसानं माझं वाटोळं केलं तो माणूस चांगला आहे, हीच तर सगळी पंचाईत आहे. नालायक असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. दिल्लीत पीएचडीच्या नालायक गाइडांची काय वानवा आहे? कुणी विद्यार्थ्यांकडून घरची भाजी आणवतो, कुणी त्यांच्या पेपरवर बायकोचं नाव घालतो. आमच्या सरांनी यातलं काही म्हणजे काही केलं नाही.

परवा माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. थिअरॉटिकल फिजिक्समध्ये पीएचडीची संधी, क्वांटम आणि घन पदार्थ, खाली बर्फाचे डोंगर आणि फळ्यासमोर हसणारी पोरं. “मावशी, अप्लाय करू का?” मी लिहिलं, “विषय राहू दे, आधी गाइड कोण आहे ते बघ.” तिनं लगेच विचारलं, “कसं बघायचं?” आता यावर काय बोलणार, कपाळ? मी बघितलं होतं. चांगलं डोळे उघडे ठेवून बघितलं होतं.

आमच्या विद्यापीठात पीएचडीच्या मुलाखती होत्या. मे महिना, बाहेर आग ओतत होती आणि सर बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसले होते, कारण खोलीत एसी होता. बाकीचे प्राध्यापक प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होते, आणि हे गृहस्थ खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत होते. शेवटी मान वळवली आणि विचारलं, “अटकती कहाँ हो?” मला वाटलं, कुठे राहते ते विचारताहेत. मग माझ्या अर्जावरचं आडनाव वाचून मराठीत आले. “नांदेडकडचे का तुम्ही? मी वर्ध्याचा. विचारतोय की, गणित करताना अडकतेस कुठे?” मी म्हटलं, “सर, मी सहसा अडकत नाही.” त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. मग त्यांनी तोंडीच एक गणित सांगितलं आणि म्हणाले, “आठवड्यानं ये. उत्तर आणू नकोस. अडकून ये.”

हेच गणित त्यांनी आणखी एका मुलालाही दिलं होतं. तो मोठ्या संस्थेतून आलेला, हुशार. त्यानं सगळं सोडवून, टाइप करून, रंगीत आकृत्यांसकट आणलं. सरांनी पानं उलटली, “ब्यूटीफुल” म्हणाले आणि त्याला शेजारच्या प्राध्यापकांकडे पाठवून दिलं. नंतर आम्हाला म्हणाले, “त्याचं झालेलं आहे. त्याला मी कशाला हवा?” तो मुलगा आता परदेशात प्रोफेसर आहे. दर डिसेंबरात बर्फातले फोटो टाकतो.

मी चौथ्या ओळीत अडकून गेले होते. “सर, इथपर्यंत आलं, पुढे फंस गयी,” म्हटलं. सरांनी फळ्याकडे बघितलं आणि टाळीच वाजवली. “अरे बाप्पा! काय सुंदर जागी अडकलीस!” माझ्या न येण्याचं इतकं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, घरी तर नाहीच नाही. मी त्या एका वाक्यावर भाळले. आज कुणी मला तसं म्हणालं तर मी पर्स उचलून सरळ घरी जाईन.

घरी दिवाळी. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आमच्याकडे शिकणं म्हणजे नुसतं शिकणं नसतं. गावाकडचे लोक एप्रिलमध्ये जयंतीला जमले की कोणाची मुलगी कुठवर पोचली हे मोजतात, आणि आमच्या खानदानात अजून डॉक्टर, म्हणजे पुस्तकातला डॉक्टर, कुणी झालं नव्हतं. बाबांनी तेव्हाच स्वतःचा नवा फ्लॅट घेतला होता. दारावरच्या इंग्रजी पाटीवर त्यांनी वर स्वतःचं नाव घातलं, मधे आईचं, खाली माझं, आणि माझ्या नावाच्या अलीकडे दोन अक्षरांची जागा कोरी सोडली. आई म्हणाली, “हे काय दात पडल्यासारखं दिसतंय?” बाबा म्हणाले, “दिसू दे. भरेल.”

सर खिशात चष्म्याचं जुनं घर ठेवायचे आणि त्यात खडू. सेमिनारला कायम पहिल्या रांगेत, डोळे मिटून. बोलायला आलेला पाहुणा बिचारा तासभर घसा कोरडा करायचा, टाळ्या वाजायच्या, आणि मग सर डोळे उघडून विचारायचे, “और दूसरे रास्ते से?” बस, एवढंच. एका वाटेनं आलेलं उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. तेच उत्तर दुसऱ्या, पहिलीशी काही देणंघेणं नसलेल्या वाटेनं आलं, तरच ते खरं. बाहेरचे पाहुणे आमच्याकडे यायला कचरायचे ते उगाच नाही.

बरं, हे फिजिक्सपुरतं असतं तर समजू शकले असते. हा माणूस रिक्षावाल्यालाही रस्ता विचारायचा आणि मग पानवाल्यालाही. विचारात असले की मेट्रोत मयूर विहारला उतरायचं राहून जायचं आणि थेट नोएडाच्या टोकाला जाऊन परत यायचे. विचारलं की म्हणायचे, “उलट्या दिशेनं आलं की स्टेशन बरोबर तेच आहे का, कळतं.” यावर हसायचं की रडायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

महिन्यातून एकदा ते आम्हा विद्यार्थ्यांना कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जेवायला न्यायचे. बरोबर बंगाली, बिहारी, मल्याळी पोरं, आणि सगळ्यांना झुणका-भाकरी. एकदा त्यांनी वाढप्याला विचारलं, भाकरी आत्ताची आहे का. तो हो म्हणाला. मग त्यांनी दुसऱ्या वाढप्याला बोलावून तेच विचारलं. तोही हो म्हणाला. सर म्हणाले, “तुला कसं माहीत?”

“त्यानंच सांगितलं ना साहेब आत्ता.”

“मग हे एकच उत्तर झालं. दोन नाही झाली. जा, तवा बघून ये.”

तो गेला, तवा बघून आला, आणि भाकऱ्या सकाळच्या निघाल्या! सरांनी आमच्याकडे असं काही बघितलं की जणू निसर्गाचा एखादा नियमच हाती लागलाय. खाल्ल्या मात्र त्याच.

आणि एक सांगायलाच हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन. दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला. रिपोर्टमध्ये प्लेटलेट ठीकठाक होत्या, डॉक्टर म्हणाले घरी न्या. सर भेटायला आले होते, ते हटूनच बसले. दुसऱ्या लॅबमधून तपासा, पहिल्या लॅबचा नमुना नको, नवीन रक्त घ्या. बाबांना वाटलं, काय विक्षिप्त माणूस आहे. पण दुसरा रिपोर्ट आला आणि मला पळवत आयसीयूत न्यावं लागलं. पहिल्या लॅबमध्ये अदलाबदल झाली होती. आई आजही म्हणते, त्या माणसामुळे तू आहेस. आहे ना, आहे. मी कुठे नाही म्हणते? म्हणून तर नीट रागावताही येत नाही.

आता माझं काम काय होतं ते सांगते, आईला सांगायचे तसं. अणूंची एक लांबच लांब साखळी घ्यायची. प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. ही साखळी खूप, म्हणजे खूपच थंड केली की हे चुंबक एकमेकांत गुंतायला लागतात. एकाला हलवलं तर लांबच्यालाही कळतं. हा गुंता किती दूरवर पोचतो, एवढाच माझा प्रश्न. सगळ्यांचा समज असा की अंतर वाढलं की तो विरत जातो. माझ्या साखळीत तो एका जागेनंतर विरायचाच थांबला. तसाच राहिला. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खोलीत एकटी होते आणि मोठ्यानं म्हणाले, “आईशप्पथ!”

सरांसमोर मी ते अख्खं फळ्यावर मांडलं. कोपरापर्यंत खडू. सर डोळे मिटून ऐकत होते. संपलं तेव्हा डोळे उघडले, आणि मला माहीत होतं काय येणार ते.

“आणि दुसऱ्या वाटेनं?”

“सर, ही पहिलीच सापडायला दोन वर्षं गेली.”

“सहावी ओळ बघ. साखळीची दोन टोकं एकमेकांना ओळखत नाहीत, असं तू धरून चाललीस. कशावरून?”

“साखळी इतकी लांब आहे की काय फरक पडतो? सगळेच धरतात सर.”

“सगळे धरतात म्हणून टोकांना ते कळतं का?” ते हसत म्हणाले. “हे न धरता कर. तेच आलं तर लगेच पाठवू.”

इथे माझी गोची कळायला हवी. आमच्या विद्यापीठाचा नियम असा की एक पेपर छापायला स्वीकारला गेल्याशिवाय थिसिस देता येत नाही. फेलोशिपचं शेवटचं वर्ष सुरू झालेलं. आणि जर्मनीतल्या एका संस्थेनं मला पुढच्या संशोधनासाठी जागा देऊ केली होती, अट एकच, पावसाळा संपेपर्यंत थिसिस दिलेला हवा. पेपर नाही तर थिसिस नाही, थिसिस नाही तर जर्मनी नाही. आणि पेपर सरांच्या होकाराशिवाय जात नाही.

मी किती वेळा विनवलं असेल! “सर, पेपरात स्पष्ट लिहू, आम्ही असं गृहीत धरतो म्हणून. दुसरी वाट पुढच्या पेपरात.” सर म्हणायचे, “अगं, घाई कशाची? निसर्ग कुठे पळून चाललाय का?” मी म्हटलं, “निसर्ग नाही सर, फेलोशिप पळून चाललीये.” त्यावर ते मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला आजही त्या हसण्याची चीड येते.

महिनेच्या महिने मी टोकं न विसरता ते गणित करत बसले. होत नव्हतं. सर रोज जिने चढून यायचे, लिफ्ट नाही, लिफ्टमध्ये म्हणे विचार तुटतो, आणि माझ्या शेजारी उभे राहून माझ्याबरोबर अडकायचे. इतके खुश असायचे! खांद्याला खांदा लावून बुडण्यात कसला आनंद असतो तो त्यांच्याकडून शिकावा.

आणि मग एके सकाळी डिपार्टमेंटच्या चहाच्या टपरीवर आमच्यातल्या बंगाली मित्रानं मोबाइल पुढे केला. “देख, यह तेरा वाला तो नहीं?” परदेशातल्या कुठल्याशा ग्रुपनं आदल्या दिवशी नेटवर पेपर टाकला होता. शीर्षक वाचलं आणि मी त्याच्या हातातून मोबाइल ओढूनच घेतला. तीच साखळी, तोच न विरणारा गुंता, तीच वाट. माझ्या सहाव्या ओळीला त्यांनी खाली बारीक अक्षरात एक टीप दिली होती, टोकं एकमेकांना ओळखत नाहीत असं आम्ही गृहीत धरतो. एक टीप! मी ज्यासाठी वर्ष जाळलं, ते त्यांनी एका टिपेत उरकलं होतं.

धावत सरांच्या खोलीत गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला. “बघ! दुसऱ्या कुणालातरी तेच आलं. तुझं उत्तर बरोबर असणार!” मग पान उलटलं, भुवया आक्रसल्या. “पण वाट तीच आहे. म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही.”

“सर, माझं काय?”

“तुझं काय म्हणजे? आता तर खरी मजा. दुसरी वाट त्यांच्याकडेही नाही.”

समोर डस्टर होतं. ते मी त्यांच्या डोक्यात घातलं नाही, एवढंच माझं त्या दिवसाचं पुण्य.

माझ्याकडे छापण्यासारखं काही उरलं नाही. जर्मनीचं पत्र आलं, फार सभ्य, जागा दुसऱ्याला दिली आहे. फेलोशिप संपली, बाबा रिटायर झाले, आणि मी गुरुग्रामच्या एका कंपनीत लागले. कोणता ग्राहक आपल्याला सोडून जाणार आहे, हे आकडेमोड करून आधीच सांगायचं, असं काम. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं तेच उत्तर दुसऱ्या पद्धतीनं तपासत बसले होते, तर बॉस मागे येऊन उभा राहिला. “यार, नंबर आ गया ना? भेज दो.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पाच वर्षं हे एक वाक्य ऐकायला कान आसुसले होते, आणि ते म्हणालं कोण, तर हा!

बाबा कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पाटी मात्र बदलली नाही. ती दोन अक्षरांची जागा अजून कोरी आहे, दर रविवारी घरी गेले की बेल वाजवताना माझी नजर बरोबर तिथेच जाते.

बरीच वर्षं गेली. सर रिटायर झाले. मी ना फोन केला, ना कधी गेले. आणि या हिवाळ्यात एके सकाळी त्यांचाच फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “मिळाली! दुसरी वाट मिळाली! तुझं उत्तर बरोबर होतं. ये लवकर.” जणू मी शेजारच्या खोलीत खडू घेऊन उभीच होते.

जायला नको होतं. गेले. बाहेर धुरकट हवा, घशात जळजळ, गुरुग्रामहून मयूर विहार म्हणजे दिल्लीचं एक टोक ते दुसरं. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, उघडलं. काकूंनी आयुष्यभर मंत्रालयात नोकरी केली, घर चालवलं, मुलगी वाढवली. आत गेल्या गेल्या भिंतभर फळा. मी थबकले तशा त्या म्हणाल्या, “इथे डायनिंग टेबल ठेवायचं होतं मला. कित्येक वर्षं झाली, मांडीवर ताट घेऊन जेवतो आम्ही.” मग आवाज खाली न आणता, “प्रत्येक गोष्टीला यांना दुसरी वाट लागते. मुलीसाठी मुलगा मात्र एकदाच बघितला. चहाच्या एका कपात लग्न ठरवून आले. परत आलीये ना ती, आतल्या खोलीत झोपलीये.” सरांना ऐकू गेलं असावं. ते चष्म्याच्या घरातून खडू काढत होते.

“बस,” म्हणाले. स्वेटर तोच होता, खाली माणूस बराच कमी झाला होता. त्यांनी लिहायला सुरुवात केली. खरं सांगते, पहिल्या दोन ओळींत माझा राग विरघळायला लागला होता. इतकं देखणं लिहितात ते. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं, साखळी अनंत लांब धरू. आणि पुढे पाण्यासारखं वाहत गेलं, खाली फळ्याच्या कडेशी माझं उत्तर आलं. माझंच. न विरणारा गुंता.

सर वळले. लहान मुलासारखे उभे, की आता शाबासकी दे.

मी तिसऱ्या ओळीकडे बघत होते.

“सर, अनंत लांब साखळीला टोकं कुठे असतात?”

“नसतात.”

“मग जी टोकंच नाहीत, ती एकमेकांना ओळखत नाहीत हे यातून कसं कळणार? माझ्या सहाव्या ओळीत मी धरलं, तेच तुम्ही तिसऱ्या ओळीत धरलं. तुम्ही त्या वाढप्याला म्हणाला होतात ना, सर? हे एकच उत्तर झालं.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सर फळ्याजवळ गेले, नाक टेकेल इतक्या जवळ. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. “अरे बाप्पा! मीही धरूनच चाललो की! म्हणजे अजून अडकलेलेच आहोत आपण.”

त्या ‘आपण’नं माझं डोकं फिरलं.

“आपण नाही सर, तुम्ही,” मी ओरडलेच. “तुम्ही अडकलेले आहात, तुमचं मस्त चाललंय. मी बाहेर आहे. मी गुरुग्रामला ग्राहक मोजते. माझ्या बापाच्या दारावर अजून कोरी जागा आहे. एक टीप, सर! एक टीप द्यायची होती खाली. त्यांनी दिली, त्यांचं सगळं झालं. तुम्हाला स्वतःला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते तुम्ही माझ्याकडून एका वर्षात मागितलंत, आणि तेही माझं शेवटचं वर्ष होतं.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांच्या हातात खडू तसाच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला बघितलं, माझ्या ओळींना नाही. हळूच खुर्चीवर बसले.

“म्हणजे,” ते थांबत थांबत म्हणाले, “तेव्हा पेपर जाऊ द्यायला हवा होता.”

या एका वाक्यासाठी मी किती रात्री आढ्याकडे बघत काढल्या होत्या ते मलाच माहीत.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “असं दिसतंय खरं.”

आणि मग कपाळावर ती जुनी आठी आली. नको, नको, असं मी मनात म्हणतेय तोवर आलीच.

“पण ही तुझ्या बाजूनं आलेली एक वाट झाली. घाईनं म्हणून उपयोग नाही. दुसऱ्या वाटेनंही तेच येतं का, बघतो. मग सांगतो तुला.”

थट्टा नव्हती. तो माणूस कधी थट्टा करत नाही. उठले, तिसरी ओळ पुसली आणि फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. ते साखळीचा विचार करत होते की माझा, कुणास ठाऊक. मी चपला घातल्या. काकू जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, “वाट बघू नकोस. टेबलाचंही ‘मग सांगतो’ म्हणालेत मला, अजून सांगायचंय त्यांनी.”

त्यानंतर सरांचा फोन आला नाही. म्हणजे दुसरी वाट अजून मिळालेली नसणार. ते शोधत असतील, अगदी प्रामाणिकपणे शोधत असतील, त्याबद्दल मला शंका नाही. मला मात्र ती माफी एकाच वाटेनं आलेली चालली असती.